विरोधी खुर्ची

आमच्या बाईंनी कॉलेजच्या मानसशास्त्र विभागासाठी पदरचे पैसे घालून घेतलेली पहिली वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर सांगताना मला आजही हसू येतं. ती न्हाव्याची खुर्ची होती. सांगलीच्या गणपती पेठेतलं एक जुनं केशकर्तनालय बंद पडलं होतं. बाई सायकलवरून तिथून चालल्या होत्या, खुर्ची दारात उन्हात काढून ठेवलेली दिसली, आणि त्यांनी सायकल थांबवली. गोल फिरणारी, मागे डोकं टेकायला गादी आणि खाली पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली ती खुर्ची हातगाडीवरून कॉलेजात आली, तेव्हा प्राचार्य व्हरांड्यातच उभे होते.

"बाई, हे काय?"

"उपकरण," बाई म्हणाल्या आणि हातगाडीबरोबर पुढे गेल्या.

मी त्या विभागात लागलो ते बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी. मुलाखतीला आम्ही तिघं होतो. निवड समितीच्या बाकीच्या सभासदांनी पदव्या विचारल्या, गुण विचारले, जात न विचारता आडनावावरून काय कळतं ते बघितलं. बाई तोवर पिशवीतले चुरमुऱ्यांचे भडंग खात बसल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही शेवटचं 'नाही' कुणाला म्हणालात?"

मी तासगावचा. थाप मारायला वेळ लागतो. खरं तेच सांगितलं. "आज सकाळी. एसटीला गर्दी होती, कंडक्टर म्हणाला टपावर बसा. मी नाही म्हणालो."

"का?"

"भीती वाटते."

बाईंनी प्राचार्यांकडे बघून मान हलवली आणि मला नोकरी लागली. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं की माझ्या घाबरटपणात तुम्हाला काय दिसलं. म्हणाल्या, "बाकीच्या दोघांनी सांगितलं, आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही. असल्या माणसांच्या हातात मी प्रयोगाला माणसं कशी देऊ?"

तेव्हा बाई पन्नाशीला आल्या होत्या. उंच, सावळ्या, सुती पातळ आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. बूट का, तर म्हणे औंधात लहानपणी यमाईचा डोंगर रोज चढायची सवय, चपलेनं पाय घसरतो. सांगलीत चढायला एक जिना सोडून काही नव्हतं, तरी बूट राहिले. डोकं चालवायचं असलं की त्या भडंग खात. त्यामुळे त्या गप्प बसून कुरुमकुरुम करायला लागल्या की आम्हाला धडकी भरे. काहीतरी अवघड येणार, हे नक्की.

विभागात पांढरे उंदीर होते. भूलभुलय्यातून वाट काढायला लावायचे, वेळ मोजायची, ते सगळं इतर कॉलेजांत होतं तसंच. फरक एवढाच की आमच्याकडे काम संपलेल्या उंदरांचा वेगळा पिंजरा होता आणि त्यावर बाईंनी पाटी लावली होती, 'सेवानिवृत्त'. तिथे त्यांना मरेपर्यंत दाणागोटा मिळे. आमचा शिपाई ज्ञानू, वाळव्याकडचा, त्या पिंजऱ्यापुढे उभा राहून मोठ्यानं बोलायचा, म्हणजे आत बाईंना ऐकू जावं. "आमचं काय व्हनार ते देवाला ठावं, पर ह्यास्नी पेन्शन चालू हाय. पुढल्या जन्मी बाईंचा उंदीर व्हायाचं बघा." बाई आतून म्हणत, "ज्ञानू, त्यांनी तक्रार न करता काम केलं." ज्ञानूला हा टोमणा आहे हे कळायचं, पण उंदरांना भाकरी घालायला तो रविवारीसुद्धा यायचा.

आता खुर्चीचं सांगतो.

बाईंचा नियम असा की माणसावर करायचा कुठलाही प्रयोग, मग तो बी.ए.च्या पोरानं परीक्षेपुरता केलेला का असेना, आधी शनिवारच्या बैठकीपुढे यायचा. या बैठकीला त्या 'विचारणी' म्हणत. असं काही करा म्हणून विद्यापीठानं सांगितलेलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या कॉलेजात हे मी ऐकलंही नव्हतं. बाईंनी हे कुठून काढलं, तर यमाईच्या कौलावरून. "आमच्याकडे विहीर खणायची झाली तरी देवीला कौल लावायचे. फूल उजवीकडून पडलं तर कुदळ उचलायची, नाहीतर नाही. दगडाच्या देवीला विचारतो आपण. जिवंत माणसाला विचारायला काय धाड भरते?"

विचारणीला मिरजेच्या एका दवाखान्यातल्या वयस्क नर्सबाई येत, एक वकील येत, आम्ही विभागाचे दोघं असायचो, आणि ज्या तऱ्हेच्या माणसांवर प्रयोग व्हायचा त्यांच्यातलं कोणीतरी एक. हमालांवर प्रयोग असेल तर हमाल, शाळकरी पोरांवर असेल तर एक पोर आणि त्याची आई. प्रयोग करणारा सगळी कल्पना सांगायचा. मग एकेकानं त्या न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं आणि प्रयोगाच्या विरोधात बोलायचं. मत काहीही असो. खुर्चीत बसला की विरोधात, एवढं ठरलेलं. म्हणून तिचं नाव विरोधी खुर्ची. सगळ्यांत शेवटी ज्याचा प्रयोग असेल त्यानं स्वतः त्यात बसायचं आणि स्वतःच्याच कल्पनेविरुद्ध बोलायचं. तोवर त्याचा चहा बशीनं झाकून ठेवलेला असे. बोलून झालं की मिळायचा.

"न्हाव्याचीच का?" मी एकदा विचारलं.

"बसून बघा," बाई म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी माझ्या मागे जाऊन माझं डोकं हलकेच गादीवर टेकवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मान उघडी, पाय अधांतरी, आणि मागे कोण काय करतंय ते दिसत नाही. मी उगाच मान वळवून मागे बघायला लागलो. "बस," त्या म्हणाल्या, "प्रयोगाला आलेल्या माणसाला असंच वाटतं. त्याचं डोकं आपल्या हातात असतं."

याशिवाय त्यांचं एक वाक्य होतं, जे विभागातल्या उंदरांनाही पाठ झालं असावं. 'आधी आपण, मग आपलं घर, मग गाव.' म्हणजे जे दुसऱ्यावर करायचं ते आधी स्वतःवर, मग आपल्या घरच्यांवर, आणि तिथे निभावलं तरच गावावर. बी.ए.च्या एका पोरानं काढलं की बर्फाच्या पाण्यात हात घालून माणूस किती दम धरतो ते बघायचं. पोरगं पैलवान, कवठेपिरानकडचं, चांगलं तयारीचं. बाईंनी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणवली आणि म्हणाल्या, आधी आपण. त्यानं झोकात मनगटापर्यंत हात घातला. थोड्या वेळानं त्याचा चेहरा बदलला. आणखी थोड्या वेळानं तो इकडेतिकडे बघायला लागला.

"बाई, काढू का?"

"मला कशाला विचारतोस? हात तुझा आहे."

त्यानं हात काढला आणि काखेत दाबला. बाईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "आता लिही पहिलं वाक्य. वाटेल तेव्हा हात काढता येईल, विचारावं लागणार नाही, असं आधीच सांगावं." पुढे त्या पोराचा प्रयोग छान झाला. तोच पैलवान नंतर आखाड्यात नवीन पोरांना म्हणायचा, दम लागला तर सांग रं, लाजू नकोस.

हे सगळं ऐकून बाई म्हणजे कोणी संत होत्या असं वाटायला नको. हेकट होत्या. चहात साखर कमी पडली तर ज्ञानूशी दिवसभर बोलत नसत. आणि त्यांना एका गोष्टीची हाव होती, ती त्या लपवत नसत. त्यांना सांगलीत मानसशास्त्राचं एम.ए. सुरू करायचं होतं. बी.ए.ला आमच्याकडे हुशार मुली येत. एम.ए.साठी बाहेरगावी जावं लागे, आणि मुलीला बाहेरगावी ठेवायला घरचे तयार नसत. बी.ए.चा निकाल लागला की महिन्याभरात एकेकीच्या लग्नाची पत्रिका विभागात येई. बाई प्रत्येक लग्नाला जात, आहेर करत, आणि सोमवारी कॉलेजात आल्या की भडंग खात खिडकीशी उभ्या राहत. अर्ज त्या दरवर्षी करत, आणि दरवर्षी विद्यापीठ तो बाजूला ठेवी. प्राचार्यांना गोडाचं वेड. ते दरवर्षी विचारत, "बाई, आपले एम.ए.चे पेढे कधी?" बाई म्हणत, "साताऱ्याचे कंदी पेढे आणीन, पण वेळ आल्यावर."

एकाहत्तरचं युद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा विद्यापीठातले एक मोठे प्राध्यापक आमच्या कॉलेजात आले. माणूस मूळ साताऱ्याचा, विद्वान, बोलणं गोड. एम.ए.ची परवानगी ज्या समितीच्या हातात होती तिचे ते प्रमुख होते. प्राचार्यांनी त्यांच्यासाठी व्हरांडा धुवून घेतला, आम्हाला टाय घालायला लावला. प्राध्यापकांना बाईंच्या विभागाची मदत हवी होती. भीतीचा धक्का बसला की त्याच्या आधीचं माणसाला काय आठवतं, हे त्यांना तपासायचं होतं.

त्यांची कल्पना अशी. सातारा जिल्ह्यात एक गाव आहे, जिथे घरटी एक माणूस पलटणीत. तिथल्या बायकांशी आपली माणसं आधी थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारतील. मग खाकी कपड्यातला एक माणूस सायकलवरून येईल आणि तार देईल. तारेत लिहिलेलं असेल, 'मी खुशाल आहे.' म्हणजे वाचल्यावर आनंदच. आणि मग विचारायचं की तार यायच्या आधी आपण काय बोलत होतो.

"दोन मिनिटांची भीती," प्राध्यापक म्हणाले. "आणि नंतर पेढे वाटावेत असा आनंद. कुणाचं नुकसान आहे यात? तुमच्या विभागाची माणसं तिकडची बोली जाणतात, म्हणून आलो. आणि हे काम चांगलं झालं, तर एम.ए.चा विषय मला समितीपुढे मांडायला सोपं जाईल, हे सांगायला नकोच."

प्राचार्यांचा चेहरा फुलला. बाई भडंग खात होत्या.

"शनिवारी विचारणी आहे," त्या म्हणाल्या. "आपण याल का?"

प्राध्यापक निघून गेल्यावर प्राचार्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. मी दाराशी होतो, त्यामुळे ऐकलं. "बाई, इतकी वर्षं तुम्ही एम.ए.साठी डोकं फोडून घेताय. आता देव स्वतः दारात आलाय आणि तुम्ही त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसवताय? पलटणीतल्या लोकांच्या बायका, त्यांची तार, तुम्हाला काय करायचंय? लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?"

"सर, दरवर्षी पोरांचे प्रयोग मी त्या खुर्चीपुढे आणते. मोठ्या माणसाचा आणला नाही, तर ती खुर्ची फक्त गरिबांची होईल."

"आणि तो माणूस रागावून गेला तर?"

बाई म्हणाल्या, "तर एम.ए. गेलं." बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातली भडंगची पुडी नुसती चुरगाळलेली होती. त्यांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

शनिवारच्या आदल्या दिवशी आम्ही जमलो तेव्हा वकिलांनी एक तोड काढली. प्राध्यापक सरकारी विश्रामगृहात उतरले आहेत. तिथे त्यांनाच एक खोटी तार पाठवायची. भीती म्हणजे काय ते कळेल, आणि उद्या विचारणीची गरजच पडणार नाही. कल्पना सगळ्यांना आवडली. मला तर फारच. नर्सबाईसुद्धा हसल्या.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "वकीलसाहेब, बसा खुर्चीत. बोला विरोधात."

वकील कपाळाला हात लावून बसले. बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडखळले. "म्हणजे, त्यांना विचारलेलं नाही... आणि त्यांना रक्तदाब असला तर..." मग उठलेच. "बाई, तुम्ही माणसाला सुखानं लबाडी पण करू देत नाही."

"आपण फसवून जिंकलो," बाई म्हणाल्या, "तर त्यांचंच म्हणणं खरं ठरेल, की फसवलं की लवकर कळतं."

शनिवारी प्राध्यापक वेळेवर आले. त्या गावातल्या एक जनाबाई त्या दिवसांत सांगलीला बहिणीकडे आल्या होत्या. नवरा पलटणीत. बाईंनी त्यांना बोलावलं होतं. त्या दाराजवळ पदर सावरून बसल्या. प्राध्यापकांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, गोड बोलून. जनाबाई म्हणाल्या, "सायेब म्हनत्यात तर करा की. आमचं काय न्हाई."

प्राचार्य मुद्दाम येऊन बसले होते. ते पटकन म्हणाले, "झालं तर मग. त्यांचीच संमती आहे."

"हा होकार धरायचा नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या तोंडावर दिलेला आहे. जनाबाई, इकडे या. या खुर्चीत बसायचं. इथे बसलेल्या माणसाचं कामच नाही म्हणायचं असतं. त्यात साहेबांचा अपमान होत नाही. तेही बसणार आहेत."

जनाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या, अर्ध्या. "नाही म्हनायाचंच असंल तर सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीत तार आली की वाचायच्या आदी समद्या घरच्या चुली इझत्यात. ज्याच्या घरची, त्याचीच नव्हं, समद्यांची. कुनाची हाय त्ये कळंपतूर कुनी तवा ठेवत न्हाई. पोरं उपाशी निजत्यात. तुमी म्हनता दोन मिन्टं. आवं, पोस्टमन पुलापाशी दिसला तवाच माजी सासू भुईवर बसलेली आसती. आन् एकदा खोटी तार आली म्हंजी फुडं खरी आली तरी आमी म्हनू, सायेबांचीच आसंल." मग त्यांनी बाईंकडे बघितलं. "बास का?"

"बास," बाई म्हणाल्या. "उत्तम."

प्राध्यापकांनी ऐकून घेतलं, पण ते मोठे वादपटू होते. नर्सबाई बोलल्या, वकील बोलले, मी बोललो. प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं. घरं कमी घेऊ, तार लगेच उघडायला लावू, डॉक्टर बरोबर ठेवू. शेवटी त्यांची पाळी आली. ते हसत हसत खुर्चीत बसले, पाय पट्टीवर ठेवले. ज्ञानूनं त्यांचा चहा झाकून ठेवला.

"सुरुवात कुठून करू?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे एक क्रम आहे," बाई म्हणाल्या. "आधी आपण, मग आपलं घर, मग गाव. आपल्याला माहीत असल्यामुळे आपल्यावर हा प्रयोग होणार नाही. तेव्हा घरापासून करा. घरात पलटणीत कोणी आहे?"

"धाकटा भाऊ," प्राध्यापक म्हणाले. "सीमेवरच आहे."

"मग पहिली तार साताऱ्याला आपल्या घरी. घेणार कोण?"

"आई," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "पण आईला नको. तिचं वय झालंय, ती..."

तिथेच ते थांबले.

पिंजऱ्यातला एक सेवानिवृत्त उंदीर तेवढा दाण्याशी खुडबुड करत होता. बाई खाली बघत राहिल्या, जणू दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्या आहेत. मग प्राध्यापकांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली, आणि मी सांगतो, त्या खुर्चीतून इतकं चांगलं विरोधी भाषण दुसऱ्या कुणी केलेलं मी ऐकलं नाही. भीतीनं घाबरलेली बाई सांगेल ती आठवण विश्वासाची नसते. गावाला कळलं की पुन्हा कुणी दार उघडणार नाही. पोस्टमनवरचा विश्वास गेला तर तो आपल्याला परत देता येणार नाही. आणि सगळ्यांत शेवटी, "जी सूट मी माझ्या आईला मागितली, ती या जनाबाईंच्या सासूला मी आपणहून दिली नाही. कुणी विचारलं म्हणून सुचली."

मग खुर्चीतून उतरून ते जनाबाईंना नमस्कार करायला गेले. जनाबाई घाबरून उठल्या. ज्ञानूनं चहावरची बशी काढली. "सायेब, गार झाला आसंल. दुसरा आनू का?" प्राध्यापक म्हणाले, "असू दे," आणि तोच गार चहा प्यायले.

हा प्रयोग बुडाला असं प्राचार्यांना वाटलं. झालं उलटंच. जाता जाता प्राध्यापकांनी जनाबाईंना विचारलं की खोटी तार राहू दे, पण खरी तार आली होती त्या दिवसाबद्दल कुणी बोलेल का? कुणी बोलायला लागल्यावर मधेच थांबावंसं वाटलं तर थांबलं तरी चालेल. जनाबाई म्हणाल्या, "बोलत्याल की. आजवर कुनी इचारलंच न्हाई." आम्ही त्या गावाला गेलो, ते ज्ञानूसकट. सगळं आधी सांगून, ज्यांना नको त्यांना सोडून. दुपारच्या वेळी बायका ओट्यावर जमायच्या आणि बोलायच्या. तार आली तेव्हा हातात काय होतं, पीठ किती मळलेलं होतं, कुठली शेळी ओरडत होती, सगळं. प्राध्यापकांना जे हवं होतं ते ओंजळी भरभरून मिळालं, आणि एकही चूल विझली नाही. एक म्हातारी निघताना बाईंचा हात धरून म्हणाली, "पुन्यांदा या." कुठल्या प्रयोगाला असं आमंत्रण येतं, सांगा.

पुढच्या वर्षी समिती आली. प्रमुख तेच प्राध्यापक. आम्ही उपकरणं पुसून ठेवली होती, आरशात बघून कागदावर चांदणी गिरवायची एक पेटी असते, ती सगळ्यांत पुढे. प्राध्यापक त्यांच्याकडे न बघता सरळ जाऊन विरोधी खुर्चीत बसले.

"बाई, मी विरोधात आहे," ते म्हणाले. प्राचार्यांनी भिंतीला हात टेकला. "पुस्तकं थोडी. शिक्षक दोनच, त्यातले एक टपावर बसायला भितात असं ऐकतो. मुलींची जबाबदारी कोण घेणार? आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर इथे काय उरणार?"

बाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, इतकी वर्षं या बाईला कोणी धड विरोध केलाच नव्हता. त्यांनी एकेक उत्तर दिलं. पुस्तकांना मिरजेच्या दवाखान्याचं ग्रंथालय. मुलींना नर्सबाईंच्या ओळखीचं वसतिगृह. माझ्याबद्दल म्हणाल्या, "भितात म्हणून तर घेतले." शेवटच्या प्रश्नाला त्यांनी फक्त खुर्चीकडे बोट केलं. "हिच्यात कोण बसतं याला महत्त्व नाही. रिकामी ठेवायची नाही, एवढंच."

एम.ए. मिळालं. पुढच्या जूनला वर्ग भरला आणि त्यात मुलगेही होते, पण पुढच्या बाकांवर मुली होत्या. तासगावकडची, पलूसकडची, एक विट्याची. प्राचार्य दोन दिवस वाट बघून तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, पेढे?"

"अजून काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. प्राचार्य खट्टू झाले. मीही झालो, कारण कंदी पेढा मलाही आवडतो.

पावसाळा संपत आला तेव्हा बाईंनी स्वतःचा एक प्रयोग विचारणीपुढे आणला. वसतिगृहाच्या जेवणघरात मुली कुणाशेजारी बसतात, कुणाशी बोलतात, कुणाला टाळतात, ते त्या महिनाभर बघून ठेवणार होत्या. विचारणीला बसणारी एक मुलगी सोडून बाकीच्यांना न सांगता, नाहीतर त्या मुद्दाम नीट वागतील. "यात कुणाला धक्का नाही, कुणाला भीती नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं बघायचं तर आहे." मला यात काहीच खोट दिसली नाही. नर्सबाईंनाही दिसली नाही. आम्ही खुर्चीत बसून उगाच चार गोष्टी बोललो.

मग विट्याच्या मुलीची पाळी आली. वर्गात तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता. ती खुर्चीत बसली, वेणी पुढे घेतली आणि म्हणाली, "बाई, घरी आमच्याकडं सगळी नुसतं बघतच असतात. कुठं चालली, कुणाशी बोलली, कवा आली. इथं आल्यापासून पहिल्यांदाच कुणी बघत नाही, म्हणून मला जेवण जातंय. बघायचंच असेल तर सांगून बघा. आणि नको म्हणणारीला वगळा."

बाई ऐकत होत्या. त्यांची स्वतःची पाळी अजून यायची होती, चहा झाकलेला होता. त्या उठून खुर्चीत बसल्या, मान मागे टेकवली, आणि म्हणाल्या, "मला आणखी काही बोलायचं नाही. हिनं सांगितलं ते सगळं बरोबर आहे. प्रयोग रद्द."

मी विट्याच्या मुलीकडे बघितलं. ती पांढरीफटक झाली होती. विभागप्रमुखाला नाही म्हणून बसले, आता पुढे काय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

रविवारी बाई पहिल्या एसटीनं साताऱ्याला गेल्या. सोमवारी सकाळी कॉलेजात आल्या त्या सायकलच्या दोन्ही हँडलना पुडे लावून. पहिला पेढा त्यांनी विट्याच्या मुलीच्या हातावर ठेवला, मग वर्गभर वाटले, मग ज्ञानूला दिला, आणि ज्ञानूनं त्यातला कण सेवानिवृत्तांना घातला. पुडा घेऊन त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा मीही मागे होतो.

"अरे वा," प्राचार्य म्हणाले. "शेवटी आले म्हणायचे. काय झालं?"

"माझा प्रयोग नापास झाला," बाई म्हणाल्या. "माझ्याच विद्यार्थिनीनं केला. घ्या, दोन घ्या."